गुटी कलम आणि जीसीसी: सोर्सपासून सिस्टीम बांधणाऱ्यांचे प्रश्न

जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ साली सुरू केलेलं 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' (एलएफएस) हे मोफत पुस्तक समोर ठेवून स्वतःची लिनक्स सिस्टीम बांधायला बसलेल्या नाशिक आणि आसपासच्या वाचकांचे हे प्रश्न. ज्यांनी पुस्तक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कंपायलरपासून (सोर्स कोडचं मशीनला कळणारं रूप करणारा प्रोग्रॅम, इथं जीसीसी) कर्नलपर्यंत (सिस्टीमचा गाभा) साधारण ८० पॅकेजेस, प्रत्येकाचा सोर्स कोड उतरवायचा, स्वतः कंपाइल करायचा आणि शेवटी त्यावर मशीन चालू करून दाखवायचं. आज्ञा आणि फाइलींची नावं इथं देवनागरीत छापली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन.

माझ्याकडे विंडोजचा लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅम. विंडोजमधल्या डब्ल्यूएसएलवर जमेल का? जागा किती लागेल आणि दिवस किती?
– बीसीए दुसरं वर्ष, कॉलेज रोड

डब्ल्यूएसएलच्या, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याच्या सोयीच्या, वाटेला जाऊ नका. त्यात विंडोजचे फोल्डर तुमच्या पाथमध्ये (आज्ञा जिथं शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) आपोआप येऊन बसतात. 'प्रोग्रॅम फाइल्स' या नावातली मोकळी जागा अनेक बिल्ड स्क्रिप्टना पचत नाही. सी ड्राइव्हवर बांधायला गेलात तर लहान-मोठ्या लिपीतली नावं एकच समजली जातात. आणि एवढं सगळं निभावलं तरी शेवटी बूट कशावर करणार?

व्हर्च्युअलबॉक्स घ्या, विंडोजमध्येच आभासी मशीन चालवणारा प्रोग्रॅम. आठातली ४ जीबी रॅम आणि निम्मे कोअर व्हर्च्युअल मशीनला द्या. दोन वेगळ्या डिस्क जोडा: २० जीबीची होस्ट सिस्टीमसाठी (जिच्यावर बसून बांधायचं ती तयार लिनक्स), ३० जीबीची नव्यासाठी. पुस्तक १० जीबीतही भागेल म्हणतं, पण पुढं काही चढवायचं असेल तर तेवढ्यात कोंडी होते. सोर्सची गाठोडी अर्धा-पाऊण जीबीची, ती एकदाच उतरवा आणि एमडी५ (फाइलीचा ठसा) तपासून ठेवा. अर्धवट उतरलेलं गाठोडं सोडवताना दर वेळी कुरकुर करेलच असं नाही.

होस्ट म्हणून डेबियन किंवा उबंटू घेतलंत तर पहिल्याच तपासणीत तीन गोष्टी अडतात. तिथं 'एसएच' (आज्ञा चालवणारं शेल) म्हणजे बॅश नसतं, डॅश असतं, ती लिंक बॅशकडे वळवा. 'ऑक' (मजकूर चाळणारी आज्ञा) म्हणजे मॉक असतं, गॉक बसवा. बायसन आणि टेक्सइन्फो नसतातच. पुस्तकात व्हर्जन तपासायची छोटी स्क्रिप्ट दिली आहे, तिच्या प्रत्येक ओळीपुढे 'ओके' येईपर्यंत पुढचं पान उलटू नका.

एक उलटी अडचण हल्ली जास्त दिसते: होस्ट फार नवं असणं. जीसीसी १५ पासून सी भाषेची सी२३ ही आवृत्ती न सांगता धरली जाते. तिच्यात रिकाम्या कंसाचं फंक्शन म्हणजे 'काहीच घेत नाही' असा अर्थ झाला आणि 'बूल' हा राखीव शब्द झाला. जुन्या पॅकेजांचा कोड तिथं ठेचकाळतो. दोन वर्षांपूर्वीचं पुस्तक धरलंय, तर होस्टही त्याच सुमाराचं घ्या. डेबियन १२ मध्ये जीसीसी १२ आहे, ते बऱ्याच आवृत्त्यांना मानवतं.

वेळेचं माप पुस्तक मिनिटांत देत नाही. बिनयुटिल्स या पॅकेजच्या (असेंबलर आणि तुकडे जोडणारा लिंकर त्यात असतो) पहिल्या फेरीला तुमच्या मशीनवर लागलेला वेळ म्हणजे एक एकक. किती कोअर धरून मोजलंय तेही तिथंच दिलेलं असतं. ही फेरी तीन मिनिटांत झाली, तर शेवटच्या जीसीसीची चाचण्यांसह चाळीसहून जास्त एककं म्हणजे दोन तासांच्या वर. नवख्यानं तीन-चार शनिवार-रविवार धरावेत. कंपायलरपेक्षा वाचण्यात जास्त वेळ जातो आणि तो तसाच जायला हवा.

घरी डाळिंबाची बाग आहे, रात्री हे करतो. जीसीसी तीन वेळा का बांधायचं हे काही केल्या कळत नाही. होस्टवर चांगलं चालतं जीसीसी आहे, त्यानंच थेट सगळं बांधलं तर?
– एक वाचक, सटाणा

तुम्ही हे गुटी कलमावरून लगेच ओळखाल. फांदीची साल अंगठीएवढी काढायची, शेवाळ लावून प्लास्टिक गुंडाळायचं, मुळं फुटेपर्यंत फांदी आईच्याच झाडावर पोसायची आणि मग कापून पिशवीत लावायची. होस्ट हे ते आईचं झाड. कापल्यावर रोप स्वतःच्या मुळांवर उभं राहिलं पाहिजे, आईची एकही मुळी त्यात राहून चालणार नाही.

होस्टच्या जीसीसीनं थेट बांधलंत तर नेमकं हेच बिघडतं. कॉन्फिगर स्क्रिप्ट, म्हणजे बांधण्याआधी चालणारी तपासणी, होस्टवर काय काय सापडतं ते हुंगत फिरते. होस्टवर एखादी लायब्ररी दिसली की तिचा आधार घेऊन मोकळी होते. प्रोग्रॅम होस्टवर मजेत चालतो. कापून वेगळा केला की ती लायब्ररी तिथं नाही आणि तो जागचा हलत नाही.

यावर पुस्तकानं केलेली युक्ती एका शब्दात आहे. तुमच्या मशीनची ओळख साधारण 'एक्स८६_६४-पीसी-लिनक्स-जीएनयू' अशी असते. पुस्तक नव्या सिस्टीमला 'एक्स८६_६४-एलएफएस-लिनक्स-जीएनयू' म्हणायला लावतं. प्रोसेसर तोच, सगळं तेच, फक्त मधला 'पीसी' जाऊन 'एलएफएस' आला. पण बिल्ड यंत्रणेला वाटतं की हे दुसऱ्याच मशीनसाठी चाललंय, म्हणजे क्रॉस-कंपाइल. मग ती होस्टच्या लायब्रऱ्यांकडे बघत नाही.

आता क्रम. पहिले बिनयुटिल्स, कारण जीसीसी आणि जीलिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी) दोघांच्या कॉन्फिगर स्क्रिप्ट असेंबलर आणि लिंकर यांना काय येतं ते तपासून आपली रूपरेषा ठरवतात. हे उलटसुलट झालं तर चूक तिथं दिसत नाही, पन्नास पॅकेजांनंतर दिसते. मग जीसीसी पहिली फेरी. हा अर्धामुर्धा कंपायलर असतो. सी लायब्ररी अजून जन्मालाच आलेली नाही, म्हणून शेअर्ड लायब्रऱ्या बंद, थ्रेड बंद. त्यानंतर कर्नलचे हेडर, मग त्या अर्ध्या कंपायलरनं जीलिबसी, मग सी++ची लायब्ररी. ही शेवटची जीसीसीच्याच गाठोड्यात असते, वेगळी शोधत बसू नका. दुसऱ्या फेरीचं जीसीसी या साखळीनं बांधलेलं आणि नव्या सिस्टीमच्या आत चालणारं. तिसरं सीएचरूटनं (नव्या पार्टिशनलाच मूळ फोल्डर मानून) आत शिरल्यावर, सगळ्या सोयींसह आणि चाचण्यांसह. तेच कायमचं.

जीलिबसी झाल्यावर पुस्तक एक छोटी परीक्षा घ्यायला सांगतं. ती टाळणारे नंतर हमखास रडतात. एका ओळीचा रिकामा सी प्रोग्रॅम, 'इंट मेन' आणि रिकामे कंस, नव्या क्रॉस-कंपायलरला द्या. तयार झालेल्या 'ए.आउट'वर रीडएल्फ (प्रोग्रॅमची आतली माहिती दाखवणारी आज्ञा) चालवा आणि 'रिक्वेस्टिंग प्रोग्रॅम इंटरप्रीटर' ही ओळ शोधा. तिच्यापुढे '/लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२' असंच यायला हवं. हा लोडर, प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्रऱ्या मेमरीत आणणारा. तुमचा प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना आधी याला हाक मारतो. ओळ आलीच नाही किंवा वेगळा पत्ता आला, तर तिथंच थांबा आणि जीलिबसीपासून मागं जा. 'आज्ञा सापडली नाही' असं आलं, तर बहुधा तुम्ही 'एलएफएस' या खास वापरकर्त्याच्या नावानं बसलेला नाहीत.

त्या वापरकर्त्याबद्दल दोन शब्द. त्याच्या बॅशमध्ये 'सेट अधिक एच' असतं. बॅशला एकदा सापडलेल्या आज्ञेचा पत्ता लक्षात ठेवायची खोड आहे, ती याने मोडते. नाहीतर नवी हत्यारं तयार होऊनही तो जुन्याच पत्त्यावर जात राहतो. होस्टवर 'ईटीसी' फोल्डरात 'बॅश.बॅशआरसी' नावाची फाइल असेल, तर तात्पुरतं तिचं नाव बदला, ती तुमच्या स्वच्छ केलेल्या वातावरणात परत घाण टाकते.

आणि सर्वांत महत्त्वाचं. इन्स्टॉल करताना 'परमिशन डिनाइड' आलं तर सुडो (रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या हक्कानं आज्ञा चालवणं) लावू नका. ते दटावणं नाही, जीवदान आहे. त्याचा अर्थ तुम्ही इन्स्टॉलचा पत्ता द्यायला विसरलात आणि पॅकेज होस्टच्याच '/यूएसआर'वर उतरत होतं. सुडोनं जीलिबसी तिथं उतरली की होस्टची एकही आज्ञा धड चालेल याची खात्री नाही.

पहिला कंपायलर मग कुणी बांधला? कोंबडी आधी की अंडं आधी?
– अकरावी विज्ञान, इंदिरानगर

दह्याला विरजण लागतं तसंच आहे, शेजारून आणावंच लागतं. जीसीसीचं पहिलं रूप १९८७ चं, ते तेव्हाच्या दुसऱ्या सी कंपायलरनं बांधलं गेलं. २०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून जीसीसी बांधायला सी++ कंपायलर लागतो.

जीसीसी स्वतःला तपासतो ते पाहण्यासारखं आहे. नेहमीच्या बिल्डमध्ये तो तीन टप्प्यांत बनतो: पहिला टप्पा आणलेल्या कंपायलरनं, दुसरा पहिल्यानं, तिसरा दुसऱ्यानं. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) ताडून बघतात. विरजण कुठलंही असो, दुसऱ्या-तिसऱ्या वेळचं दही सारखंच लागलं पाहिजे. पण विरजणातच खोट असेल तर? युनिक्सच्या जनकांपैकी केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या, १९८४ साली छापल्या गेलेल्या व्याख्यानात हेच दाखवलं: कंपायलरमध्ये लपवलेली खोट त्याच्या सोर्समध्ये न दिसताही पिढ्यान् पिढ्या उतरू शकते.

सिन्नरला वीज कधी जाईल सांगता येत नाही. जीलिबसी अर्ध्यावर असताना गेली. परत 'मेक' दिलं तर 'फाइल ट्रंकेटेड' आणि 'फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइज्ड' असं येतंय. सोर्स खराब झाला का?
– एक वाचक, सिन्नर

सोर्स ठीक आहे. वीज गेली त्या क्षणी काही ऑब्जेक्ट फाइली नावापुरत्या तयार झाल्या होत्या, मजकूर अजून मेमरीत होता, डिस्कवर उतरला नव्हता. आता त्या शून्य बाइटच्या आहेत. मेक (बांधकाम चालवणारी आज्ञा) फक्त वेळ बघतो: फाइल आहे, सोर्सपेक्षा नवी आहे, म्हणजे झालेली आहे. तो पुढं जातो आणि लिंकर रिकाम्या फाइलीवर आपटतो.

एकेक रिकामी फाइल शोधून पुसता येते, पण त्या भानगडीत पडू नका. त्या पॅकेजचं सोडवलेलं अख्खं फोल्डर उडवा, गाठोडं नव्यानं सोडवा, पहिल्या आज्ञेपासून सुरू करा. हा नियम वीज न जाताही पाळायचा असतो: पॅकेज झालं की फोल्डर पुसलं, पुढच्या फेरीला नवं सोडवलं. पहिल्या फेरीच्या जुन्याच फोल्डरात दुसरी फेरी बांधणं ही पहिल्या आठवड्यातली सर्वांत लाडकी चूक.

मशीन परत चालू केल्यावर आणखी तीन गोष्टी नाहीशा झालेल्या असतात: नव्या पार्टिशनचं माउंट, 'एलएफएस' हे व्हेरिएबल (त्यात नव्या पार्टिशनचा पत्ता असतो), आणि आत शिरण्याच्या टप्प्यावर असाल तर डेव्ह, प्रॉक, सिस, रन ही आभासी फाइल सिस्टीम. कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. डेस्कटॉप असेल तर छोटा यूपीएस लावा. लॅपटॉपची बॅटरी तासभरही टिकत नसेल तर जीसीसी इन्व्हर्टरच्या भरवशावरच सुरू करा.

जीसीसी बांधताना दर वेळी 'किल्ड' असं येऊन थांबतं, कधी इथं, कधी तिथं. सातपूरच्या एका वर्कशॉपमधून घेतलेला जुना डेस्कटॉप आहे, ४ जीबी, ४ कोअर.
– डिप्लोमाधारक, सातपूर

चूक सोर्समध्ये असती तर दर वेळी एकाच ओळीवर थांबलं असतं. जागा बदलतेय म्हणजे मेमरी संपतेय. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांची यादी) 'आउट ऑफ मेमरी' आणि 'सीसी१प्लस' (सी++ कंपायलर) असं एकाच ओळीत सापडेल. चार कोअर आहेत म्हणून मेकला चार कामं एकदम दिलीत, पण सी++ची मोठी फाइल एकटीच जीबीभर मेमरी मागू शकते. 'जे २', म्हणजे एकदम दोनच कामं, द्या, ४ जीबी स्वॅप (मेमरी म्हणून वापरायची डिस्कवरची जागा) करा. इथं फोल्डर पुसायची गरज नाही, त्याच ठिकाणी मेक पुन्हा दिलंत की चालतं. मेकऐवजी निंजा वापरणाऱ्या पॅकेजांना मेकफ्लॅग्ज (मेकला हा आकडा सांगणारं व्हेरिएबल) कळत नाहीत, त्यांना आकडा वेगळा सांगावा लागतो.

मेमरी पुरेशी असून जागा बदलत असेल, तर रॅमची कांडी आणि उष्णता तपासा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तासन् तास कंपाइल करताना पंख्यावरची धूळ आधी झाडलेली बरी.

सीएचरूट करून आत गेल्यावर प्रॉम्प्टवर 'आय हॅव नो नेम!' येतंय. आणि माझ्या मैत्रिणीला तर आतच जाता येत नाही, 'यूएसआर/बिन/एन्व्ह: नो सच फाइल' म्हणतं. फाइल तर तिथं आहे!
– अभियांत्रिकी तिसरं वर्ष, पंचवटी

तुमचं सगळं ठीक आहे. बॅशला तुमचा क्रमांक शून्य माहीत आहे, पण शून्य म्हणजे रूट हे सांगणारी पासवर्ड फाइल अजून जन्मली नाही. दोन पानांनंतर ती तयार कराल, मग बॅश नव्यानं सुरू करा, नाव येईल.

मैत्रिणीची फाइल आहे हे खरं. नाही तो तिचा लोडर. प्रोग्रॅम सापडला पण त्यानं हाक मारलेला लोडर सापडला नाही, तरी संदेश तोच येतो, म्हणून माणूस चकतो. बाहेर येऊन नव्या पार्टिशनच्या 'लिब६४'मध्ये 'एलडी-लिनक्स' या नावाची लिंक आहे का आणि ती खऱ्या फाइलीपर्यंत पोचते का ते बघा. जीलिबसीच्या पानावरच्या, कॉन्फिगरच्या आधीच्या चार-पाच ओळी वगळल्या की हे होतं. लिंक ठीक असेल तर 'एन्व्ह'वर रीडएल्फ चालवा. वर सांगितलेलीच ओळ, वर सांगितलेलाच पत्ता.

या टप्प्यावरचा मोठा धोका मात्र दुसरा आहे. रूट म्हणून बसलात की एलएफएस हे व्हेरिएबल रिकामं असू शकतं, ते त्या दुसऱ्या वापरकर्त्याचं होतं. पुस्तक आता सगळ्या फोल्डरांची मालकी रूटला द्यायला सांगतं. व्हेरिएबल रिकामं असताना पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्यांमधली ती आज्ञा दिलीत तर ती होस्टच्या '/यूएसआर'वर चालते. मालकी तर तिथं आधीच रूटची होती, मग काय बिघडलं? बिघडतं असं, की मालकी बदलण्याच्या आज्ञेनं फाइलींवरचा सेटयूआयडी बिट (मालकाच्या हक्कानं चालायची खूण) पुसला जातो आणि सुडो मरतो. त्याच पद्धतीनं बॅकअप परत आणताना पुसण्याची आज्ञा रिकाम्या व्हेरिएबलवर चालली, तर होस्टच गेलं. रूट म्हणून काहीही करण्याआधी 'एको' करून व्हेरिएबल डोळ्यांनी बघा. '/एमएनटी/एलएफएस' दिसलं तरच पुढं.

बॅकअप कधी घ्यायचा ते पुस्तकही सांगतं: तात्पुरती हत्यारं पूर्ण झाल्यावर, शेवटच्या मोठ्या प्रकरणाआधी. आधी बाहेर या, आभासी फाइल सिस्टीम सोडवा, मग टारनं गाठोडं करा. व्हर्च्युअल मशीनमध्ये स्नॅपशॉटनं हेच काम एका क्लिकवर होतं.

चाचण्यांमध्ये काही 'फेल' येतात. प्रत्येकाच्या मागं लागू का?
– एक वाचक, देवळाली

नाही. जीलिबसी, बिनयुटिल्स, जीसीसी यांच्या चाचण्या मात्र चुकवू नका. हजारोंमधली दोन-चार अपयशं सगळ्यांकडेच येतात, 'आयओ/टीएसटी-एलसीएचमॉड' ही त्यातली ओळखीची, सीएचरूटमध्ये ती पडतेच. पुस्तकात दिलेल्या यादीशी ताडा. शेकड्यानं पडत असतील तर कुठं तरी मागं घोळ आहे.

सगळं झालं, कर्नलही बांधला. चालू केलं की 'कर्नल पॅनिक, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन ब्लॉक (०,०)'. आठवडा झाला, इथंच अडकलोय.
– आयटी कर्मचारी, नाशिक रोड

ऐंशी पॅकेजेस बांधून आलेला माणूस या एका ओळीपुढं हात टेकतो, आणि ही ओळ खरं तर बऱ्यापैकी सरळ बोलते. कंसातला पहिला आकडा डिस्कच्या प्रकाराचा, दुसरा तिच्यातल्या जागेचा. (०,०) म्हणजे कर्नलला तुम्ही सांगितलेली डिस्क दिसलीच नाही. (८,२) असतं तर दिसली, पण तिच्यावरची फाइल सिस्टीम वाचता आली नाही, असा अर्थ झाला असता.

पॅनिकच्या थोडं वर 'लिस्ट ऑफ ऑल पार्टिशन्स' असं लिहिलेलं असतं. मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढा आणि निवांत वाचा. यादी रिकामी असेल तर डिस्कचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही. यादीत तुमची पार्टिशनं दिसत असतील तर ड्रायव्हर आहे, बूट करताना दिलेला 'रूट' पत्ता चुकलाय.

पहिली शक्यता. तयार डिस्ट्रिब्युशनमध्ये ड्रायव्हर मॉड्यूल (कर्नलबाहेरची वेगळी फाइल) म्हणून असले तरी चालतं, कारण बूट होताना इनिटरॅमएफएस नावाची छोटी तात्पुरती फाइल सिस्टीम ते पुरवते. तुमच्याकडे ती नाही. डिस्कवरचं मॉड्यूल वाचायला डिस्क लागते आणि डिस्क वाचायला मॉड्यूल लागतं. म्हणून मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायचा मेनू) अशा गोष्टींपुढं 'एम' नको, तारांकन हवं. व्हर्च्युअलबॉक्सच्या साटा डिस्कसाठी एएचसीआय, एससीएसआय डिस्क सपोर्ट आणि एक्सटी४. केमूमध्ये (व्हर्च्युअलबॉक्ससारखाच दुसरा प्रोग्रॅम) व्हर्टआयओ डिस्क दिली असेल तर व्हर्टआयओ ब्लॉक, आणि तिथं डिस्कचं नाव 'व्हीडीए' होतं. नव्या लॅपटॉपवर एनव्हीएमई. मेन्यूकॉन्फिगमध्ये स्लॅशची कळ दाबून नाव शोधता येतं, पन्नास उपमेनू धुंडाळत बसू नका. तिथंच डेव्हटीएमपीएफएस ('डेव्ह' फोल्डर भरणारी फाइल सिस्टीम) आणि ते आपोआप माउंट करण्याचा पर्याय दोन्ही चालू आहेत ना, तेही बघून घ्या.

दुसरी शक्यता व्हर्च्युअल मशीनवाल्यांना हमखास गाठते. बांधताना नवी डिस्क दुसरी होती, म्हणून 'एसडीबी'. आता होस्टची डिस्क काढून एकटी हीच जोडलीत, ती 'एसडीए' झाली. ग्रब या बूट करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या ओळीत मात्र अजून 'एसडीबी१' आहे. हे टाळायला बरेच जण यूयूआयडी लिहितात आणि पुन्हा आपटतात, कारण फाइल सिस्टीमचा यूयूआयडी नुसत्या कर्नलला वाचता येत नाही, ते काम इनिटरॅमएफएसचं. कर्नलला कळतो तो पार्टयूयूआयडी, म्हणजे पार्टिशन तक्त्यातला क्रमांक. 'ब्लकआयडी' ही आज्ञा दोन्ही दाखवते, बरोबर तो उचला. एफएसटॅबमध्ये (काय कुठं माउंट करायचं त्याची यादी) मात्र साधा यूयूआयडी चालतो, ती फाइल वाचली जाईपर्यंत माउंट नावाचा शहाणा प्रोग्रॅम हाताशी आलेला असतो. यूएसबी डिस्कवरून चालू करत असाल तर 'रूटवेट' जोडा, ती उशिरा जागी होते.

खऱ्या लॅपटॉपवर करणाऱ्यांनी नवं ग्रब बसवूच नये. होस्टच्या ग्रबमध्ये '४०_कस्टम' या फाइलीत एक नोंद वाढवा, जुनी सिस्टीम शाबूत राहते.

मित्रानं स्क्रिप्ट दिली आहे, एक आज्ञा की सकाळी सिस्टीम तयार. हाच प्रकल्प कॉलेजात दाखवला तर? आणि यातून कर्नल आतून कळेल का?
– बीएस्सी संगणकशास्त्र, गंगापूर रोड

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. परीक्षकांनी 'बिनयुटिल्स आधी का' एवढं विचारलं की संपलं. दुसऱ्यांदा बांधाल तेव्हा स्वतःची स्क्रिप्ट जरूर लिहा.

दुसरा प्रश्न चांगला आहे, आणि उत्तर 'नाही' असं आहे. या पुस्तकातून सिस्टीमचे सांधे कळतात: कोण कुणावर उभं आहे, काय आधी, काय नंतर. कर्नलच्या आत प्रोसेस कशा बदलतात हे त्यात नाही. त्यासाठी एमआयटीचं एक्सव्ही६, एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम, घ्या. १९७५ च्या युनिक्स सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर २००६ मध्ये शिकवण्यासाठी लिहिलेलं आहे, आता रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठी. एवढासा कोड की एका सत्रात वाचून होतो. रिस्क-फाइव्हचा क्रॉस-कंपायलर आणि केमू बसवा, 'मेक केमू' म्हणा, काही सेकंदांत शेल समोर. बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि मग एक्स, हे माहीत नसल्यानं लोक टर्मिनलच बंद करतात.

पहिला सराव: एक नवी सिस्टीम कॉल (प्रोग्रॅमनं कर्नलकडे काम मागायची वाट) घाला. कर्नलच्या बाजूला 'सिसकॉल.एच'मध्ये क्रमांक, 'सिसकॉल.सी'मधल्या तक्त्यात नोंद, 'सिसप्रॉक.सी'मध्ये प्रत्यक्ष काम. वापरकर्त्याच्या बाजूला 'यूजर.एच'मध्ये घोषणा आणि 'यूसिस.पीएल'मध्ये एक ओळ. शेवटची ओळ विसरलात तर कंपाइल होतं आणि लिंकर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणतो. तक्त्यातली नोंद विसरलात तर सगळं बांधून होतं आणि चालवल्यावर 'अननोन सिस कॉल' येतं. या दोन चुका मुद्दाम करून बघा, वापरकर्ता आणि कर्नल यांच्यातली भिंत नेमकी कुठं आहे ते दिसेल.

स्वतःच्या सिस्टीमवर मराठी दिसेल का?
– शिक्षिका, ओझर

लोकेल (भाषा-प्रदेशाची मांडणी) मिळेल. जीलिबसी झाल्यावर 'लोकेलडेफ'नं 'एमआर_आयएन' यूटीएफ-८ सह तयार करा, वेळेसाठी 'एशिया/कोलकाता' निवडा. पण काळ्या पडद्याच्या साध्या कन्सोलवर मराठी वाचायची आशा ठेवू नका. त्या कन्सोलच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या बसतात आणि अक्षरं जोडायची अक्कल त्याला नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी सरकवणं, 'क्ष' जोडणं हे काम हार्फबझ नावाच्या लायब्ररीचं आहे.

म्हणजे पुढचा टप्पा, ग्राफिक्सचा. फ्रीटाइप, हार्फबझ, फाँटकॉन्फिग, पँगो, आणि लोहित किंवा नोटोचा देवनागरी फाँट. यात एक गाठ आहे: फ्रीटाइपला हार्फबझ हवं असतं आणि हार्फबझला फ्रीटाइप. आधी फ्रीटाइप हार्फबझशिवाय बांधा, मग हार्फबझ, मग फ्रीटाइप पुन्हा. तपासायला 'शिक्षिका' हाच शब्द टाइप करून बघा. वेलांटी 'श'च्या डावीकडे आली आणि 'क्ष'चा पाय मोडलेला दिसला नाही, की फाँटचं काम झालं.